सहादू मेस्त्रीचा तेलाचा तवा

सहादू मेस्त्रीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजराचं घड्याळ घरात नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. विहिरीवरची इंजिनं पहाटेच अडून बसतात. रात्रीच्या गारठ्यानं तेल घट्ट होतं, हँडल मारून मारून माणसाचे खांदे भरून येतात, आणि मग कुणीतरी सायकल मारत मिरजगावात येऊन सहादूच्या दारात उभा राहतो. तोवर सहादूनं पाणी भरलेलं असायचं, अंघोळ उरकलेली असायची आणि पान्यांची पिशवी सायकलला अडकवलेली असायची. आलेल्या माणसाला तो एवढंच विचारायचा, "धूर कसला हाय? काळा का पांढरा?" बाकीचं बोलणं वाटेत.

मी तेव्हा त्याच्या दुकानासमोर, नगर-सोलापूर रस्त्याच्या पलीकडं, टायरच्या दुकानात कामाला होतो. ट्रकची चाकं उतरवायची, टायर रिमवरून सोडवायचा, पंक्चर काढायचं, परत चढवायचं. माणूस काम करतो की उरकतो, हे मला त्याच्या पाठीकडं बघूनही कळतं. सहादूनं कधी उरकलं नाही. नट आवळून झाला की त्याच्यावर दोन बोटं ठेवून तो क्षणभर थांबायचा, आणि मगच पुढच्या नटाला हात घालायचा. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर म्हणायचा, "घाई असंल तर बैल जुपा."

सहादू बौद्ध घरातला. त्याचा बाप नगरच्या लष्करी वर्कशॉपात हमाल होता. बापाच्या मागून सहादू तिथं गाड्या धुवायला लागला, आणि गाड्या धुता धुता उघडायला शिकला. मग लग्न झालं आणि तो गावी परतून रस्त्याच्या कडेला चार पत्र्यांचं दुकान टाकून बसला. पाने सगळे जमवलेले. एक कुणा ट्रकवाल्याचा विसरलेला, दोन भंगारातले, एक वाकलेला. वाकलेल्या पान्यानं सरळ नट काढायला दुप्पट जोर लागतो आणि बोटं सोलतात. रिंग पान्यांची नवी पेटी घ्यायची, ही त्याची एकच हौस होती. कामावर कुणी जास्तीचे पैसे दिले की म्हणायचा, "पेटीत टाकतो." पेटी अजून आलेली नव्हती.

एकाहत्तर सालची संक्रांत नुकतीच झाली होती. बुधवारी दुपारी त्याच्या दुकानापुढं एक लाल गाडी येऊन थांबली. इतकी बुटकी, की ट्रकशेजारी उभी केली तर ट्रकचं चाक तिच्याकडं खाली वाकून बघेल. माणसं दोनच बसणार. डोक्यावर कापडाचं छप्पर, तेही गुंडाळून मागं टाकलेलं.

गाडी चालवत होते राधाकृष्ण, आमच्या गावाबाहेरच्या वस्तीवरच्या केशरबाईंचा मुलगा. शिकून इंजिनियर झाले आणि जर्मनीला एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला लागले. सहा वर्षांनी ते परत आले ते ही गाडी जहाजात घालून. पुण्यात त्यांना नोकरी मिळाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. शेजारच्या जागेवर केशरबाई बसल्या होत्या. वाऱ्यानं पदर उडू नये म्हणून टोक दातात धरलेलं.

राधाकृष्ण म्हणाले, "मेस्त्री, तेल कमी झालंय. बरोबर आणलेले डबे संपले. इथलं चांगलं बघून घाला."

सहादूनं पुढचं झाकण उघडलं. आत एक जादा चाक होतं आणि केशरबाईंची वांग्यांची पाटी. इंजिन नव्हतंच.

तोवर पंचवीस माणसं जमली होती. पेट्रोल पंपावर काम करणारा मच्छिंद्र डबा घेऊन आला होता, तो मोठ्यानं म्हणाला, "मेस्त्री, वांग्यावर चालती व्हय ही?"

"म्हणून तर तुझ्या पंपावर आली न्हाई," सहादू म्हणाला आणि मागं गेला. मागं झाकण होतं आणि त्याखाली इंजिन, वरणाच्या पातेल्याएवढं. सहादूनं वाकून सगळीकडून बघितलं.

"साहेब, पिस्टन कुठं हाय ह्याचा?"

"पिस्टन नाहीच." राधाकृष्णांनी दोन्ही हातांनी दाखवलं. "तुमचं विहिरीचं इंजिन म्हणजे उखळ-मुसळ. वर-खाली, वर-खाली. हे जातं आहे. आत शिंगाड्यासारखा तीन कोनी लोखंडी गोळा गरगर फिरतो. आणि एक ध्यानात ठेवा. हे इंजिन थोडं थोडं तेल पितं. बनवणाऱ्यानंच तसं केलंय."

सहादूनं मान डोलावली. ती मान मी रस्त्यापलीकडून बघितली. त्याला पटलेलं नव्हतं.

केशरबाई गाडीतून उतरल्या. त्यांना उतरायला वेळ लागला, कारण गाडी जमिनीला टेकलेली. "सहादू, नीट बघ बाबा. शनिवारी मला काष्टीला जायाचं हाय ह्यातनं."

"बाजाराला व्हय, आक्का?"

"बाजारातनं! आप्पाच्या दारात." मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आप्पासाहेब म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, काष्टीचा. राधाकृष्ण परदेशी निघाला तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता, "केशर, गेलेलं पोरगं परत येत नसतंय. मडम करतंय आन तिकडंच ऱ्हातंय." केशरबाईंनी तिथंच उत्तर दिलं होतं, "येईल. आन तुज्या दारात मला सोताच्या गाडीतनं आनील." तेव्हापासून त्या भावाच्या दारात गेल्या नव्हत्या. काष्टीचा बाजार शनिवारचा. पंचक्रोशी गोळा होते. पोरगा सोमवारी पुण्याला जाणार, म्हणजे त्यांच्या हातात हाच एक शनिवार होता.

"मागल्या रस्त्यानं न्हाई जानार," त्या म्हणाल्या. "भर बाजारातनं जानार."

"जाल आक्का," सहादू म्हणाला. "माजा शब्द हाय."

शब्द दिला आणि तिथंच त्यानं चूक केली. ती चूक आमच्याकडच्या कुठल्याही मेस्त्रीनं केली असती. आमच्याकडं कायदाच होता तसा. इंजिन तेल खातंय म्हणजे आतून झिजलंय. झिजलेल्या इंजिनाला जाड तेल पाजायचं, म्हणजे फटी बुजतात आणि हंगाम निघून जातो. पिस्टनच्या रिंगांचं पुढच्या साली बघू. काष्टीच्या बाजारात लाथाळ म्हैस विकताना व्यापारी सांगतो, "मालक, ही जातच अशी, दूध देताना पाय उचलतीच." सहादूला वाटलं, जर्मनीतल्या कुण्या व्यापाऱ्यानं साहेबांच्या गळ्यात झिजलेली गाडी मारली आणि 'ती तेल पितेच' असं सांगून पटवलं. मालकाचं मन कशाला मोडायचं? राधाकृष्ण चहाला गेले तेव्हा सहादूनं विहिरीच्या इंजिनाचं सगळ्यात जाड तेल काढलं आणि खालच्या चेंबरमध्ये खुणेपर्यंत भरलं. झाकण लावलं. त्यावर दोन बोटं ठेवून थांबला.

गुरुवारी सकाळी गाडी परत आली. पुढं खिल्लारी बैलांची जोडी, मागं दोरानं बांधलेली लाल गाडी, सुकाणूवर राधाकृष्ण आणि बैलांच्या कासऱ्याशी केशरबाई स्वतः. पाठीमागं निम्मं गाव.

"सहादू," केशरबाईंनी लांबूनच आवाज दिला, "आशीच काष्टीला नेऊ का? मग नुसती बैलगाडीच बरी. तिला धूर तरी येत न्हाई."

झालं होतं असं. वस्तीवरून निघताना गाडीनं काळा धूर सोडला, ठसकली आणि बंद पडली. सहादूनं प्लग काढला. डांबराच्या पिंपात बुडवल्यासारखा काळा होता. त्यानं तो तळहातावर धरला आणि उजेडात फिरवून बघितला. या इंजिनाचा एक भागसुद्धा सगळ्या देशात कुठं मिळणार नव्हता. आत काही कायमचं बिघडलं असेल तर केशरबाईंचा शनिवार गेला. आणि सहादूच्या दारात सायकलवाले येतात ते शब्दावर, तो शब्दही गेला.

"साहेब, मी जाड तेल घातलं," तो म्हणाला. "मला वाटलं गाडी झिजलीय."

राधाकृष्ण गाडीच्या कडेला बसले. "माझीही चूक आहे. तेल पितं म्हणालो, कुठं पितं ते सांगितलंच नाही. जात्याच्या तोंडात दाणे टाकतात तसं पेट्रोल आत जातं ना, त्याच्याबरोबर थेंब थेंब तेलही जातं. त्या शिंगाड्याच्या कडा भिंतीवर घासतात, त्या कोरड्या पडू नयेत म्हणून. आणि तिथंच ते जळून जातं."

सहादूनं प्लग फडक्यात गुंडाळला. "म्हंजी तेल नुसतं मधल्या खिळीला न्हाई लावायचं. ते दळनातबी जातंय."

"हो."

"मग मी दळनात खडं टाकलं."

"तसंच म्हणा."

"मग समदं त्याच्यावर हाय, जळल्यावर मागं काय ऱ्हातं."

"बरोबर," राधाकृष्ण म्हणाले. "पण इथलं कुठलं तेल कसं जळतं, ते मला ठाऊक नाही. तिकडं मी ठरलेला डबा विकत घ्यायचो. इथं तो मिळत नाही. कंपनीला पत्र टाकलं तर उत्तर यायला महिना जाईल."

"जाळूनच बघू की," सहादू म्हणाला.

दुपारी त्यानं तीन विटांची चूल मांडली आणि तिच्यावर एक पत्र्याचा तुकडा तापत ठेवला. तेल ओतलं. पत्रा तापून वाकला आणि तेल एका कडेला पळालं. जाड पत्रा घेतला, तर तो मधे लाल आणि कडेला गार. असल्या पत्र्यावर दोन तेलांची तुलना होत नाही. सहादूनं हात पुसले आणि घराकडं गेला. घर दुकानाच्या मागंच. त्याची बायको चांगुणा भाकरी उरकून बसली होती. मी पाणी प्यायला तिथंच टेकलो होतो, म्हणून हे बोलणं मी ऐकलं.

"तवा दे जरा."

"कशाला?"

"काम हाय."

"तव्याचं काम म्हंजी भाकरी. कोन करनार, तुमी?"

"संध्याकाळी आनून देतो."

"माज्या आईचा तवा हाय. जसा नेताय तसा आना म्हंजी झालं."

सहादू काही न बोलता तवा घेऊन निघाला. न बोलण्यावरून चांगुणाला अंदाज यायला हवा होता, पण तिला वाटलं, माणसांना चहाबरोबर काही भाजायचं असेल.

मच्छिंद्रनं पंपावरून आणि दुकानांतून तेलं गोळा करून आणली. विहिरीच्या इंजिनाचं होतंच. ट्रॅक्टरचं आणलं, जुनं गाळून परत विकतात ते स्वस्तातलं आणलं, स्कूटरच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते आणलं, मोटारीचं तीस नंबर आणलं. शेवटी खिशातून एक छोटी बाटली काढली.

"ही काय?"

"एरंडेल. ह्यानं पोट साफ हुतं. इंजिनाचंबी हुईल."

"ठेव," सहादू म्हणाला. "तेबी बघू."

राधाकृष्ण वस्तीवर जाऊन आपले रिकामे जर्मन डबे घेऊन आले. उलटे करून ठेवले तर प्रत्येकातून काही थेंब उतरले. सगळे मिळून एक चमचा झाला. ते म्हणाले, "आधी हे जाळा. याच्यासारखं जे जळेल, ते आपलं." ही त्यांची युक्ती. त्याशिवाय नुसतं चांगलं-वाईट कळलं असतं, बरोबर कोणतं ते कळलं नसतं.

मग काम सुरू झालं. तवा तापवायचा, एक चमचा तेल मधोमध सोडायचं, पार जळू द्यायचं, तवा उतरवायचा, मागं काय राहिलं ते उजेडात धरून बघायचं. मग राखेनं घासायचा, फडक्यानं पुसायचा, परत तापवायचा. घासायचं काम मी केलं. गरम तवा राखेनं घासणं हे चाक उतरवण्यापेक्षा सोपं नाही.

जर्मन तेलानं फिकट तपकिरी डाग सोडला, नखानं निघणारा. विहिरीच्या तेलानं जळक्या गुळासारखा काळा पापुद्रा धरला. ट्रॅक्टरचं तेल जळून करड्या राखेची पूड झाली. गाळलेलं जुनं तेल जळताना असा वास सुटला की समोर थांबलेल्या एस.टी.तल्या लोकांनी खिडक्या लावल्या. एरंडेल चिकट लाखेसारखं बसलं. ते खरवडताना मी मच्छिंद्रकडं बघितलं, तर तो पंपावर गिऱ्हाईक आलंय म्हणून निघून गेला. तीस नंबरचा डाग तपकिरी आला, जर्मन डागापेक्षा किंचित गडद, पण नखानं निघाला. स्कूटरच्या तेलानं जवळजवळ काहीच सोडलं नाही.

"झालं की!" मच्छिंद्र परत येऊन म्हणाला. "स्कूटरचं घाला. हे तर जर्मनीपेक्षा चांगलं निघालं."

राधाकृष्ण काही बोलणार, तोवर सहादूनं पळीत स्कूटरचं तेल गरम केलं, फुंकर मारून जरा निववलं आणि दोन बोटांत चोळलं. मग तीस नंबरचं तसंच केलं. परत पहिलं, परत दुसरं.

"हे पार पातळ हुतंय," तो म्हणाला. "जळायला चांगलं, पर धरायला न्हाई. आत बेअरिंगबी हाय ना, साहेब? दळन झकास निघालं आन मधली खीळ झिजून गेली, तर जातं बसलं."

"तेच सांगणार होतो," राधाकृष्ण म्हणाले. "खाली तेच तेल, वर तेच तेल. दोन्ही कामं एकानंच करायची."

"मग तीस नंबर." सहादूनं चूल विझवली.

नेमक्या त्याच वेळी केशरबाई काय चाललंय ते बघायला आल्या. त्यांनी गाडीकडं बघितलंच नाही. तव्याकडं बघितलं.

"ह्यो तवा कुनाचा?"

मी राखेचं फडकं पाठीमागं घेतलं.

"सहादू, कुनाचा तवा?"

"घरचा हाय, आक्का."

"बाईच्या भाकरीच्या तव्यावर ट्रॅक्टरचं तेल जाळलंस? मेल्या, हात कसा धजला?" त्या राधाकृष्णांकडं वळल्या. "आन तू! येवढं शिकून तुला तवा कळला न्हाई?"

"मला वाटलं, दुकानातला आहे."

"दुकानात तवा कशाला आसंल?" मग त्यांनी सहादूला बोट दाखवलं. "काष्टीच्या बाजारात लोखंडाची दुकानं लागत्यात. शनिवारी आधी तिला तवा घ्यायचा, मग तुजं बाकीचं. कबूल?"

सहादूच्या डोळ्यांपुढं काष्टीच्या बाजारातलं दुसरंच काही होतं हे मला ठाऊक होतं. तिथंच रिंग पान्यांच्या पेट्या मांडलेल्या असतात. पण तो म्हणाला, "कबूल."

संध्याकाळी तवा घरी गेला. चांगुणानं तो नाकाशी नेला, बाहेर ठेवला आणि शेजारणीचा तवा मागून भाकरी केल्या. त्या रात्री सहादूला दोन भाकरी मिळाल्या, बोलणं एकही नाही.

शुक्रवार सगळा इंजिनात गेला. गाडी बुटकी, म्हणून मी चारी बाजूंनी जॅक लावून तिला विटांवर चढवली. खाली सरपटत जाऊन आम्ही दोघांनी चेंबर मोकळं केलं. जाड तेल मधासारखं उतरतं, ओढून निघत नाही, वाट बघावी लागते. सहादूनं वाट बघितली. मग तीस नंबर थोडं भरलं, इंजिन हातानं फिरवलं, तेही सांडून टाकलं. आतला जाडपणा धुऊन निघेपर्यंत त्यानं हे परत परत केलं. तेल फुकट जात होतं. राधाकृष्ण म्हणाले, "पुरे, मेस्त्री." सहादू म्हणाला, "अजून काळं येतंय." प्लग त्यानं बारीक पॉलिश पेपरनं घासला, दाताशी धरून फुंकला, आवळला. दोन बोटं.

इंजिन सुरू झालं ते धुरातच. केशरबाई डोक्याला हात लावून बसल्या. सहादू हललाही नाही, धुराकडं बघत राहिला. धूर काळ्याचा निळा झाला, निळ्याचा पांढरा, आणि मग नुसती ऊन हवा राहिली. आवाज शिलाई मशीन भरधाव सोडल्यासारखा. राधाकृष्ण माहीजळगावपर्यंत जाऊन परत आले. गाडी कुठं ठसकली नाही.

"आता उद्या मेस्त्री गाडीत बसल्याबिगर मी बसनार न्हाई," केशरबाई म्हणाल्या.

"आई, जागा दोनच आहेत."

"मग त्याची जागा कर."

शनिवारी मी पहाटेच निघालो. मालकानं बैलगाडीचे जुने टायर काष्टीच्या बाजारात विकायला टेंपोत घालून दिले होते. त्यामुळं पुढचं मी तिथं उभं राहून बघितलं.

बाजार भरात होता. बैलांच्या दावणी, म्हशींचे कळप, सौदा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे हात रुमालाखाली. तेवढ्यात शिलाई मशीनचा आवाज आला. माणसं बाजूला झाली, बैलांनी माना वळवल्या आणि त्या वाटेनं लाल गाडी आली. चालवायला राधाकृष्ण, साधा सदरा घालून. शेजारी केशरबाई, नवं लुगडं, पदर दातात नाही तर डोक्यावर ताठ. आणि त्या दोघांच्या मागं, इंजिनाच्या झाकणापुढच्या उंच कट्ट्यावर, सहादू. पाय दोन्ही बैठकींच्या मधे सोडलेले, मांडीवर तेलाचा डबा, अंगात लग्नातला कोट. आवाज नीट कानावर यावा म्हणून त्यानं इंजिनाकडं मान कलती केली होती. लांबून ते नवरदेवाच्या ऐटीसारखं दिसत होतं.

आप्पासाहेब वेशीजवळ उभे होते. बहीण येतेय हे त्यांना कळलं होतं आणि सहा वर्षांपूर्वीचं बोलणं त्यांना लागून राहिलं होतं. हार आणला होता, फेटा आणला होता. भाचा गेला तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं होतं. गाडी थांबली. आप्पासाहेबांनी एकदा बघितलं आणि सरळ मागं जाऊन सहादूच्या गळ्यात हार घातला.

"या, भाचेसाहेब, या!"

सहादूनं दोन्ही हातांनी तेलाचा डबा सावरला. फेटा बांधणाऱ्यानं तोवर दोन वेढे दिलेसुद्धा.

"आप्पा!" केशरबाई गाडीतूनच ओरडल्या. "आरं, त्यो न्हाई! ह्यो, ह्यो चालवतोय त्यो!"

"त्यो तर डायव्हर हाय," आप्पासाहेब म्हणाले. "परदेशातनं आलेला सायेब सोता गाडी चालवंल व्हय?"

सगळा बाजार हसला. राधाकृष्ण सुकाणूवर डोकं टेकवून हसत होते. ते उतरले आणि वाकून मामाच्या पाया पडले, तेव्हा आप्पासाहेबांनी त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "आलास," एवढंच म्हणाले.

"आनलं का न्हाई मला गाडीतनं?" केशरबाई म्हणाल्या.

"आनलं बाई, आनलं. हरलो." मग त्यांनी सहादूकडं बघितलं. "आन हे कोन?"

"सहादू मेस्त्री. आमच्या गावचा. त्याच्यामुळं आली गाडी."

आप्पासाहेबांचा हात फेट्याकडं जरासा गेला. भाच्यासाठी आणलेला फेटा, दुसरा जवळ नव्हता.

"आप्पा," केशरबाई म्हणाल्या, "बांधलेला फेटा सोडत नसत्यात. ऱ्हाऊ दे, त्याचाच मान हाय."

फेटा राहिला. सहादू उतरला तो पहिल्यांदा गाडीच्या मागं गेला. तेल मोजायची काडी काढली, पुसली, बुडवली, परत काढून उजेडात धरली. तेल खुणेच्या थोडं खाली आलं होतं. तीन दिवसांमागं याच गोष्टीनं त्याला वाटलं होतं, गाडी झिजली. आता तो फेट्याखाली हसला.

"प्यालंय," तो मला म्हणाला. "प्यायला पायजे तेवढंच प्यालंय."

राधाकृष्णांनी त्याला मजुरी दिली. शुक्रवारची आणि गुरुवारची त्यानं घेतली, बुधवारची घेतली नाही. "बुधवारी मी बिघडवली," म्हणाला. आप्पासाहेबांच्या घरी जेवण होतं, पण तो आधी बाजारात गेला. मी बरोबर होतो. लोखंडाच्या दुकानात रिंग पान्यांची पेटी उघडीच मांडलेली होती. लहानापासून मोठ्यापर्यंत, एकही वाकडा नाही. सहादूनं त्यातला एक उचलला, हातात तोलला आणि जागेवर ठेवला. फेट्यामुळं दुकानदार त्याला पाटील समजला आणि उठून उभा राहिला.

"तवं दाखवा," सहादू म्हणाला.

त्यानं सगळे तवे उलटे करून बघितले. बुडाला बोटाच्या गाठीनं वाजवले. पातळ बाजूला काढले. एक डुगडुगत होता, तो परत दिला. कडा हातानं चाचपल्या. दुकानदार म्हणाला, "पाटील, तवाच घ्यायचाय ना, तोफ न्हाई." सहादूनं शेवटी सगळ्यात जड तवा निवडला, वजन करायला लावला आणि खिशातली मजुरी त्याच्यासमोर ठेवली. जवळजवळ सगळी गेली.

संध्याकाळी गाडीनं त्याला दारात सोडलं. चांगुणा उंबऱ्यात बसली होती. नवरा डोक्याला फेटा, गळ्यात सुकलेला हार आणि काखेत तवा घेऊन गाडीतून उतरलेला तिनं बघितला. ती हसणार होती, पण हसली नाही. तवा घेतला, दोन्ही हातांनी तोलला, पालथा करून बुडावर बोटाची गाठ मारली.

"मुरायला वर्ष लागंल ह्याला," ती म्हणाली. "तवर चिकटलेली भाकर खावी लागंल."

"खाईन."

"आन आईचा तवा?"

"दुकानात ऱ्हाऊ दे. नवं तेल आलं की जाळून बघतो."

तो जुना तवा दुकान होतं तोवर तिथल्या खिळ्याला टांगलेला होता. आणि चांगुणानं त्या संध्याकाळी चूल पेटवली आणि सहादूच्या मजुरीतून आलेल्या तव्यावर पहिली भाकरी टाकली.